मुंबईला फोटो काढायला निघताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात राहतो आणि गेली बारा-तेरा वर्षं, वर्षातून तीन-चारदा तरी, फक्त फोटो काढण्यासाठी मुंबईला जातो. कोल्हापूर, नांदेड, नागपूरहून पहिल्यांदाच कॅमेरा घेऊन निघालेली मंडळी मला साधारण तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवली आहेत. लग्नाआधीचं शूटिंग किंवा जाहिरातीचं काम हे वेगळं प्रकरण आहे, त्याला रीतसर परवाने लागतात. हे सगळं हौसेने फिरणाऱ्यांसाठी आहे.

सकाळी जाऊन रात्री परत येता येईल का?

येता येईल, पण मनासारखे फोटो मिळणार नाहीत. पुण्याहून डेक्कन क्वीन सकाळी ७:१५ ला सुटते आणि साडेदहाच्या सुमारास सीएसएमटीला पोचते. संध्याकाळी ती ५:१० ला परत निघते. म्हणजे सकाळचं कोवळं ऊन खंडाळ्याच्या घाटात गेलं आणि संध्याकाळचं परतीच्या गाडीत. मुंबईत तुमच्या वाट्याला आली ती भर दुपार, जेव्हा उजेड डोक्यावरून सरळ खाली पडतो आणि माणसांच्या डोळ्यांखाली काळ्या सावल्या येतात. माझ्या पहिल्या तिन्ही फेऱ्या अशाच गेल्या. निदान दोन रात्री मुक्काम ठेवा, म्हणजे दोन पहाटा आणि दोन संध्याकाळी हातात येतात.

दिवसाला किती ठिकाणं धरायची?

दोन. एक पहाटेचं, एक संध्याकाळचं. मधल्या वेळात जेवा, झोपा, संग्रहालय बघा.

यादी करायला बसलं की माणूस नकाशा उघडतो आणि जवळजवळची ठिकाणं एका ओळीत लावतो. मुंबईत हे चुकतं. इथे प्रत्येक जागेला तिची वेळ आहे. दादरचा फुलबाजार पहाटेचा, डबेवाले अकराच्या आसपासचे, सीएसएमटी दिवेलागणीची. आधी घड्याळ मांडा आणि मग नकाशा बघा. अंतर कापायला लोकल आहे, आणि २०२५ पासून आरे ते कफ परेड अशी भुयारी मेट्रोही पूर्ण धावते, त्यामुळे फोर्ट, गिरगाव, महालक्ष्मी, दादर ही ठिकाणं सहज जोडली जातात.

मुक्काम कुठे करावा?

दादरला किंवा फोर्ट-सीएसएमटीच्या परिसरात. पहाटे पाचला खोलीतून निघून पायी पोचता आलं पाहिजे, एवढा एकच निकष मी लावतो. नातेवाईक बोरिवलीला किंवा डोंबिवलीला असतील तर त्यांच्याकडे जेवायला जरूर जा, पण पहाटेचं काम असेल त्या रात्री तिथे राहू नका.

कोणता महिना चांगला?

बहुतेक लोक डिसेंबर-जानेवारी सांगतात. चालायला तो काळ उत्तम, यात वाद नाही. पण थंडीत मुंबईवर धुरकं बसतं. दूरच्या इमारती करड्या होतात, आकाश पांढरट दिसतं, समुद्र आणि क्षितिज यांच्यातली रेघ पुसली जाते. कुणाला ते मऊ वातावरण आवडतं, मलाही कधीकधी आवडतं, पण लख्ख दृश्याची अपेक्षा ठेवून जाणाऱ्याचा विरस होतो.

माझ्या मते सप्टेंबरचा शेवट आणि ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा सर्वांत चांगला. पावसाने हवा धुतलेली असते, ढग अजून शिल्लक असतात आणि संध्याकाळी आकाशाला रंग चढतो. उकाडा सोसावा लागतो. जुलै मात्र ज्याला पाऊस आवडतो त्याने चुकवू नये. ओला रस्ता, छत्र्यांची गर्दी, फलाटावर थिजलेले लोक, टॅक्सीच्या काचेवरचे थेंब… ही मुंबई इतर कुठल्याही महिन्यात दिसत नाही. फक्त मोठ्या भरतीच्या दिवशी मरीन ड्राइव्हच्या कठड्यापासून आणि त्या चार टोकांच्या सिमेंटच्या ठोकळ्यांपासून दूर राहा. भरतीच्या वेळा आधीच जाहीर होतात, त्या बघून निघा.

पहाटे कुठे जावं?

पहिल्यांदा जात असाल तर दादरच्या फुलबाजारात. पश्चिमेला स्टेशनाला लागूनच आहे. पहाटे चारपासून टेम्पो रिकामे व्हायला लागतात. झेंडूच्या गोण्या, शेवंतीचे ढीग, निशिगंधाच्या जुड्या, आंब्याच्या डहाळ्या. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तर पाय ठेवायला जागा नसते.

इथे पहिला अर्धा तास कॅमेरा पिशवीतच ठेवा. हे मी सगळ्यांना सांगतो आणि निम्मे लोक ऐकत नाहीत. त्या अर्ध्या तासात हमाल कुठून कुठे जातात, कुठे थांबलं की आपण वाटेत येत नाही, कुठल्या गाळ्यावरचा दिवा चेहऱ्यावर बरोबर पडतो, हे कळतं. डोक्यावर ऐंशी किलो घेऊन पळणाऱ्या माणसाच्या वाटेत फोटोसाठी उभं राहणं म्हणजे त्याच्या मानेला धोका. "पाठी, पाठी" असा आवाज आला की आधी बाजूला व्हा, मग काय ते बघा.

एक तांत्रिक गोष्ट. बाजारातल्या एलईडी दिव्यांखाली फोटोत कधीकधी काळे-पिवळे आडवे पट्टे येतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून शटर सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर ठेवा आणि आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा. पट्टे जवळजवळ नाहीसे होतात. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची क्षमता, ३२०० पर्यंत बिनधास्त वाढवा. थोडे दाणे दिसले तरी चालतील, हललेला हात मात्र दुरुस्त करता येत नाही.

फुलं आणलेल्या मावशींकडून पाच-दहा रुपयांचा गजरा घ्या. नंतर "मावशी, एक फोटो काढू का?" असं विचारलं की नकार क्वचित येतो.

ससून डॉकला मासळी उतरताना फोटो काढता येतात का?

१८७५ पासूनचा हा धक्का छायाचित्रकारांना फार भुलवतो, आणि का ते तिथे उभं राहिलं की समजतं. पण ती बंदराची हद्द आहे आणि परवानगीशिवाय फोटो काढायला मनाई आहे. सुरक्षारक्षक हटकतात, फोटो पुसायला लावतात. मी एकदा "सगळेच काढतात" या ऐकीव माहितीवर गेलो आणि अख्खी सकाळ माफी मागण्यात गेली. परवानगी नसेल तर कॅमेरा न काढता एकदा नुसते बघून या. जून आणि जुलैमध्ये मासेमारी बंद असते, तेव्हा तसंही काही दिसत नाही.

दक्षिण मुंबईतल्या इमारतींवर चांगला उजेड कधी पडतो?

या प्रश्नाचं उत्तर मुंबईच्या जमिनीतच आहे, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

ओव्हल मैदानात मधोमध उभे राहा. पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर, १८७० च्या दशकातली गॉथिक रांग. पश्चिमेला १९३० च्या दशकातल्या गोलाकार बाल्कन्यांच्या आर्ट डेको इमारती. गॉथिक इमारती बांधल्या तेव्हा त्यांच्यासमोर समुद्र होता, म्हणून त्यांची तोंडं पश्चिमेला आहेत. पुढे समुद्र हटवून भराव घातला गेला आणि त्या भरावावर आर्ट डेको उभं राहिलं. आता दोघं मैदानाच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत. २०१८ मध्ये या दोन्ही रांगांना मिळून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं.

याचा आपल्याला थेट उपयोग होतो. सकाळचं ऊन पूर्वेकडून येतं आणि आर्ट डेकोच्या फिक्या गुलाबी-पिवळ्या भिंतींवर पडतं. संध्याकाळचं ऊन राजाबाई टॉवरच्या दगडाला मधासारखा रंग देतं. ८५ मीटरचा तो मनोरा मावत नसेल तर मैदानात पार मागे या आणि पुढ्यात क्रिकेट खेळणारी पोरं येऊ द्या. मी तर मैदानात खेळ नसेल तर थांबतो.

सीएसएमटीही पश्चिमेकडे बघते. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने आराखडा केलेल्या या इमारतीचं बांधकाम १८७८ ला सुरू झालं आणि १८८८ मध्ये पूर्ण झालं. समोरची महापालिकेची इमारतही त्याचीच, १८९३ ची. सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचा. उन्हात नक्षी बघा, फाटकाच्या दोन खांबांवरचे सिंह आणि वाघ बघा आणि मग दिवे लागेपर्यंत थांबा. आपल्या अक्षांशावर संधिप्रकाश जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं टिकतो. आकाश गडद निळं आणि इमारत उजळलेली, अशी जोडी त्यातल्या शेवटच्या दहा मिनिटांत मिळते. तेवढ्यासाठी चहा पुढे ढकला.

गेटवेचं तोंड बंदराकडे, म्हणजे पूर्वेला आहे. शहराच्या बाजूने सूर्योदयाला गेलात तर कमान काळी आकृती होऊन दिसेल, त्यातही मजा आहे. तिचा पुढचा भाग उजळलेला हवा असेल तर सकाळच्या लाँचमधून मागे वळून बघा.

आणि रविवारची सकाळ फोर्टसाठी राखून ठेवा. एरवी गाड्यांनी भरलेले बॅलार्ड इस्टेट आणि हॉर्निमन सर्कलचे रस्ते साडेसहाला अक्षरशः रिकामे असतात.

मरीन ड्राइव्हवर सूर्य समुद्रात बुडताना दिसतो का?

महिन्यावर आहे. मरीन ड्राइव्हच्या साधारण मध्यावर उभं राहिलं तर डिसेंबर-जानेवारीत सूर्य नैऋत्येला, उघड्या समुद्रात मावळतो. मे-जूनमध्ये तो उत्तरेकडे सरकलेला असतो आणि मलबार हिलच्या मागे जातो. उन्हाळ्यात समुद्रातला सूर्यास्त हवा असेल तर दक्षिणेकडे, एनसीपीए या कलाकेंद्राच्या टोकापर्यंत चालत जा.

सी लिंकचा फोटो कुठून घ्यावा?

वांद्र्याच्या किल्ल्यावरून किंवा दादर-माहीमच्या किनाऱ्यावरून. पुलावर गाडी थांबवायला मनाई आहे, कोस्टल रोडवरही तेच. टॅक्सीवाल्या दादांना "दोनच मिनिटं थांबवा" अशी गळ घालू नका, दंड त्यांना भरावा लागतो.

स्टेशनवर, लोकलमध्ये फोटो काढले तर चालतं का?

स्वतःसाठी साधे फोटो काढणाऱ्याला सहसा कुणी अडवत नाही. ट्रायपॉड उभा केला, मॉडेल उभी केली, मोठे दिवे लावले की रेल्वेची परवानगी लागते. पोलिसाने थांबवलं तर वाद घालू नका, कॅमेरा खाली करा. रुळांवर उतरणं गुन्हा आहे, आणि दारात लटकून फोटो काढणाऱ्याला मी पुढच्या फेरीला बरोबर नेत नाही.

सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ मोठी बॅग घेऊन लोकलमध्ये शिरू नका. गर्दीचा फोटो हवा असेल तर तो वरच्या पुलावरून घ्या. रविवारी निघण्याआधी मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल बंद, कुठल्या मार्गावर आहे ते बघा. आणि महिलांच्या डब्याकडे कॅमेरा रोखू नका. दिवसभर राबून घरी निघालेल्या बाईला तेवढा निवांतपणा मिळायला हवा.

डबेवाले कुठे भेटतील?

सकाळी अकरा-साडेअकराला चर्चगेट स्टेशनाबाहेर. त्यांचा एकेक मिनिट मोजलेला असतो. थांबवू नका, पोझ मागू नका, बाजूला उभं राहून काढा. रविवारी त्यांना सुट्टी असते.

अनोळखी माणसांचे फोटो काढताना विचारायचं कसं?

आपल्याला मराठी येतं, ही इथे मोठी सोय आहे. वरळी कोळीवाड्यात मासे सुकवणाऱ्या आजींशी बोलायला परदेशी पाहुण्याला दुभाषा लागतो. आपण "काय आजी, यंदा मासळी बरी आहे का?" एवढ्यावर तासभर बसू शकतो. बसा. मुंबईतले माझे जे पाच-सहा फोटो मला स्वतःला आवडतात, ते सगळे अशा बसण्यातून आलेत.

दरवेळी आधी विचारलंच पाहिजे असंही नाही. घाईत चाललेली गर्दी, लांबून दिसणारा रस्ता, तिथे विचारणार कुणाला? पण एखाद्याचा चेहरा चौकटीत ठळक येणार असेल तर विचारा, निदान नजरेने तरी. फोटो काढल्यावर लगेच पडद्यावर दाखवा. "नको" म्हणाले तर समोरच पुसून टाका. लहान मुलांच्या बाबतीत आई-वडिलांना विचारल्याशिवाय कॅमेरा उचलूच नये. फुटपाथवर झोपलेला माणूस, भीक मागणारी म्हातारी यांचे फोटो मी काढत नाही. त्यांना दार लावून घ्यायची सोय नाही.

पैसे द्यावेत का? मी फोटोचे पैसे देत नाही, त्यांच्याकडचं काहीतरी विकत घेतो. फुलं, चहा, सुके बोंबील.

धारावी, खोताची वाडी, गिरगावातल्या चाळी?

लोकांची घरं आहेत, एवढं धरून चाला. धारावीत तिथल्याच माणसाबरोबर जा, कुंभारवाड्यात आधी भट्टीवाल्याशी बोला. नुसती गरिबी टिपायला जायचं असेल तर जाऊ नका. तिथे कातडं, मातीकाम, शिवणकाम यांचे तयार हात आहेत, ते बघायला जा. खोताच्या वाडीतले रहिवासी रोज दारात येणाऱ्या कॅमेऱ्यांना वैतागले आहेत. चाळीच्या जिन्यात शिरण्याआधी खाली कुणाला तरी विचारा.

गणपतीत जावं का? आणि ६ डिसेंबरला?

अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीची गर्दी एकदा तरी अनुभवावी. दुपारीच उंच जागा धरा, नंतर हलता येत नाही. विसर्जनानंतर पाण्यात तरंगणाऱ्या, अर्धवट विरघळलेल्या मूर्तींचे फोटो काढायला आणि पसरवायला पोलिसांचा मनाई आदेश असतो, तो पाळा. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी त्यापेक्षा गिरगावातली गुढीपाडव्याची शोभायात्रा सुचवेन. सकाळचं ऊन असतं, नऊवारीतल्या बुलेटस्वार बायका असतात आणि फोटो काढलेला सगळ्यांना आवडतो.

६ डिसेंबरला बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी दादरला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात. विदर्भ-मराठवाड्यातून आलेली कुटुंबं शिवाजी पार्कात मुक्कामाला असतात आणि पुस्तकांच्या स्टॉलवर एवढी गर्दी असते की पुस्तकासाठी हात लांब करावा लागतो. त्या दिवशी आधी रांगेत उभे राहून अभिवादन करा. कॅमेरा त्यानंतर. उत्सवाचे रंग शोधत तिथे फिरू नये. लोक आपल्या माणसाला भेटायला आलेले असतात.

ट्रायपॉड आणि ड्रोन न्यावा का?

ड्रोन घरी ठेवा. विमानतळ, नौदल, पोलिसांचे आदेश, असं सगळं आड येतं. ट्रायपॉड गेटवे, स्टेशन, पुरातत्त्व खात्याच्या जागा अशा बहुतेक ठिकाणी अडवतात. मी एक छोटीशी वाळूची पिशवी नेतो. कठड्यावर ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवला की सेकंदभराचा फोटोही स्थिर येतो. नौदलाची गोदी आणि कुलाब्यातला लष्करी भाग यांच्याकडे कॅमेरा वळवू नका.

कॅमेरा, लेन्स कोणती?

असेल ती. एक कॅमेरा आणि ३५ मिमी किंवा २४-७० पुरे. मोबाइलवर उत्तम फोटो काढणारे मी पाहिलेत, आणि बाजारात मोबाइलला कुणी बिचकत नाही. दोन मेमरी कार्डं ठेवा, रोज रात्री एक प्रत दुसरीकडे करा.

बाहेर आल्यावर लेन्सवर धुकं जमतं, काय करावं?

एसीतल्या गार काचेवर मुंबईची दमट हवा लागली की तसं होतं. पुसू नका, पुन्हा जमतं. निघण्याच्या अर्धा तास आधी एसी बंद करा किंवा बॅग बाथरूममध्ये ठेवा. बॅगची चेन बंद असू द्या, म्हणजे कॅमेरा हळूहळू बाहेरच्या तापमानाला येतो.

घारापुरी आणि कान्हेरीची लेणी एका दिवसात होतील का?

नाही. दोन्ही सोमवारी बंद असतात, त्यामुळे शनिवार-रविवारला सोमवार जोडून येणाऱ्यांची हमखास फजिती होते. घारापुरीला गेटवेवरून लाँचने तासभर लागतो. आतल्या त्रिमूर्तीजवळ उजेड अगदी कमी, सावकाश काढा.

फ्लेमिंगो?

हिवाळ्यापासून मेपर्यंत ठाणे खाडीत. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून बोटी सुटतात, वेळ भरती-ओहोटीप्रमाणे बदलते, आधी नोंदणी करा. इथे मात्र लांब पल्ल्याची लेन्स लागतेच.

जुनी काळी-पिवळी पद्मिनी आणि डबलडेकर दिसतील का?

पद्मिनी टॅक्सी आणि बेस्टच्या जुन्या लाल डबलडेकर, दोन्ही २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. नव्या वातानुकूलित डबलडेकर आहेत, त्यांचे फोटो काढा. वीस वर्षांनी तेही कुणीतरी शोधत असेल.

एकटीने फिरणं सुरक्षित आहे का?

माझी बहीण पहाटे साडेचारला एकटी दादरला जाते. तिचं म्हणणं, बाजारात जितकी माणसं जागी तितकी काळजी कमी. ती सुनसान ठिकाणं टाळते, बॅग पुढे छातीवर घेते आणि कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला गुंडाळते. पहाटेच्या रिकाम्या लोकलमध्ये ती पोलीस असलेल्या महिला डब्यात बसते.

ज्यांचे फोटो काढले त्यांना ते द्यायचे कसे?

व्हॉट्सअ‍ॅप नंबर मागितला तर लगेच पाठवा, "घरी गेल्यावर" म्हणू नका, राहून जातं. पण जमलं तर प्रिंट द्या. चार बाय सहाची प्रिंट दहा-वीस रुपयांत होते. मी पुढच्या फेरीला निघताना मागच्या फेरीतल्या प्रिंटा पाकिटात घालून नेतो आणि मागे दादर, वरळी असं लिहून ठेवतो. गेल्या ऑक्टोबरात फुलबाजारातल्या एका काकांचा फोटो घेऊन गेलो, तर गाळ्यावर त्यांचा मुलगा होता. काका उन्हाळ्यात गेले होते. त्याने प्रिंट हातात घेतली, बराच वेळ बघितली, आणि गल्ल्यावरच्या गणपतीशेजारी उभी करून ठेवली. मग झेंडूचा एक हार उचलून माझ्या पिशवीत घातला, पैसे घेतले नाहीत.